घरगुती व्हिडिओ प्रोजेक्टर : प्रकाशाचा हिशोब

व्हिडिओ प्रोजेक्टर म्हणजे लहान पटलावरचे हलते चित्र भिंगातून मोठे करून पडद्यावर पाडणारे यंत्र. त्याचे मूलभूत भाग तीनच: प्रकाश देणारा दिवा, चित्र घडवणारे पटल आणि प्रक्षेपण करणारे भिंग. पंखे, आरसे, वीजपुरवठा, पेटी हे सारे या तिघांना सांभाळण्यासाठी असते. हे तिन्ही भाग आता सुटे आणि स्वस्त मिळतात. म्हणून असा प्रोजेक्टर घरी बनवण्याचे प्रयोग गेली वीसेक वर्षे जगभर चालू आहेत. बुटांच्या खोक्यात मोबाइल ठेवून केलेल्या खेळण्यापासून १०० वॉटच्या एलईडीवर चालणाऱ्या, अंधाऱ्या खोलीत अख्खा सिनेमा दाखवणाऱ्या यंत्रापर्यंत त्यांची मजल जाते.

या प्रयोगांत मोठी प्रतिमा मिळवणे सोपे असते, उजळ प्रतिमा मिळवणे अवघड. दिव्यातून निघालेल्या प्रकाशातला कितीसा भाग पडद्यापर्यंत पोहोचतो, यावरच घरगुती प्रोजेक्टरचे यशापयश ठरते. त्यामुळे यंत्र जोडायला घेण्याआधी प्रकाशाचा हिशोब मांडणे श्रेयस्कर. पुढील आढाव्यात प्रत्येक पद्धत याच कसोटीवर तपासली आहे.

पूर्वपीठिका

दिवा, चित्र आणि भिंग ही मांडणी जुनी आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये ‘मॅजिक लँटर्न’ची आखणी केली. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास याच तत्त्वावर ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे सरकवून पौराणिक कथा पडद्यावर हलत्या दाखवण्याचे हे खेळ भारतात सिनेमा येण्यापूर्वीचे आहेत. यंत्र, चित्रे आणि सादरीकरण या साऱ्याची जुळवाजुळव घरच्या घरी करण्याची परंपरा इथे तेव्हापासूनची आहे.

विजेच्या संकेतावर बदलणारे चित्र मोठ्या पडद्यावर पाडणे ही पुढची पायरी. झुरिचमध्ये फ्रिट्झ फिशर यांनी १९३९ मध्ये ‘आयडोफोर’ची कल्पना मांडली. तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांनी सुरकुत्या उमटवून प्रकाश वळवणारे ते अवजड यंत्र होते. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म हलत्या आरशांची चिप तयार केली. आजचे डीएलपी प्रोजेक्टर तिच्यावर चालतात. १९८९ मध्ये एप्सन कंपनीने व्हीपीजे-७०० हा तीन द्रवस्फटिक (एलसीडी) पटलांचा आटोपशीर प्रोजेक्टर बाजारात आणला.

घरगुती प्रयोगांना जवळचा ठरला तो मात्र वर्गातला ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे ओएचपी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला थ्रीएम कंपनीत रॉजर ॲपल्डॉर्न यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले. प्लास्टिकच्या सपाट फ्रेनेल भिंगामुळे तो स्वस्त झाला आणि शाळा-महाविद्यालयांत पसरला. संगणकाच्या पडद्यांचे भाव उतरल्यावर हौशी लोकांनी ओएचपीवर पारदर्शक फिल्मऐवजी एलसीडी पटल ठेवले, आणि आजच्या घरगुती प्रोजेक्टरची रचना तिथून घडली.

भिंगाचे गणित

बहिर्गोल भिंगाचे दहावीच्या पुस्तकातले सूत्र इथे जसेच्या तसे लागू पडते. वस्तू नाभीय अंतराच्या थोडी पलीकडे ठेवली की भिंगाच्या दुसऱ्या बाजूला मोठी, वास्तव प्रतिमा मिळते. प्रतिमा किती पट मोठी हवी ते ठरले की दोन्ही अंतरे ठरतात. पडद्याचे भिंगापासूनचे अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले ‘पट अधिक एक’. पटलाचे भिंगापासूनचे अंतर म्हणजे त्याच अंतराला त्या पटीने भागून येणारी संख्या.

उदाहरणार्थ, साडेपाच इंची पटलावरचे चित्र ५५ इंची करायचे, म्हणजे दहापट, आणि हाताशी २०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आहे. मग पडदा भिंगापासून २,२०० मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे सव्वासात फुटांवर लागेल आणि पटल भिंगापासून २२० मिलिमीटरवर. दहा बाय बाराच्या खोलीत हे सहज बसते. नाभीय अंतर ३२० मिलिमीटर घेतले तर तीच प्रतिमा मिळवायला साडेतीन मीटर लागतील. भिंग विकत घेण्याआधी खोली मोजावी ती यासाठी. नाभीय अंतर छापलेले नसेल तर भिंगाने खिडकीबाहेरचे दूरचे दृश्य भिंतीवर पाडावे. दृश्य स्पष्ट उमटले की भिंत आणि भिंग यांमधले अंतर हेच नाभीय अंतर.

भिंगाची जातही महत्त्वाची. एकाच काचेचे साधे भिंग निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित करते, म्हणून अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते. शिवाय मध्य स्पष्ट केला की कोपरे धूसर होतात. दोन-तीन भिंगांचा संच, म्हणजे डबलेट किंवा ट्रिपलेट, हे दोष बरेच आवरतो. जुन्या ओएचपीच्या डोक्यातला संच त्यासाठी चांगला. कॅमेऱ्याचे ५० मिलिमीटरचे भिंग उत्तम असले तरी ते ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेले असते. साडेपाच इंची पटल त्याच्या आवाक्यात मावत नाही.

दुसरी अडचण उलट्या प्रतिमेची. भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून फोन उलटा ठेवावा, असे सर्रास सांगितले जाते. त्याने डोके वर आणि पाय खाली येतात, पण अक्षरे आरशात पाहिल्यासारखी डावी-उजवी पालटलेलीच राहतात. कारण फोनचा पडदा भिंतीकडे तोंड करून असतो आणि प्रेक्षक फोनच्या पाठीमागून भिंत पाहतात. चित्रात माणसेच असतील तर हे लक्षात येत नाही; उपशीर्षके आली की येते. उपाय तीन: चित्र आरशासारखे पालटणारे ॲप किंवा प्लेअरमधली तशी सोय वापरणे, प्रकाशाच्या वाटेत ४५ अंशांत एक आरसा बसवणे, किंवा पटल पारदर्शक असेल तर त्याची पुढची बाजू दिव्याकडे करणे. ओएचपीच्या डोक्यात आरसा असतोच, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

फोन आणि पुठ्ठ्याचे खोके

सर्वांत स्वस्त पद्धत अशी: खोक्याच्या एका बाजूला गोल भोक पाडून त्यात हातभिंग बसवायचे, आत पुस्तकाला टेकवून फोन उभा करायचा, आतून काळा कागद लावायचा आणि फोन मागेपुढे सरकवून चित्र स्पष्ट करायचे. खर्च भिंगापुरताच. प्रतिमा मिळतेही, पण फारच मंद.

ती किती मंद असते आणि का, हे आकड्यांत पाहता येते. साडेपाच इंची फोनची दीप्ती प्रति चौरस मीटर ५०० कँडेला धरली तर त्याच्या पडद्यातून सर्व दिशांना मिळून सुमारे १३ ल्युमेन प्रकाश निघतो. पण तो सगळीकडे पसरतो. २२० मिलिमीटरवर ठेवलेल्या ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगात त्यातला जेमतेम सव्वा टक्का शिरतो. म्हणजे पडद्यावर पोहोचतो ०.१७ ल्युमेन. ५५ इंची प्रतिमेचे क्षेत्रफळ ०.८४ चौरस मीटर असते, म्हणून पडद्यावरची प्रकाशमानता येते ०.२ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ०.२ ल्युमेन. हे पौर्णिमेच्या चांदण्याइतके झाले. डिजिटल सिनेमागृहात पांढऱ्या पडद्याची दीप्ती प्रति चौरस मीटर ४८ कँडेला असावी असा दंडक आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी सुमारे १५० लक्स लागतात. फरक सातशेपटीहून अधिक आहे.

यातून सुटायचे मार्ग दोन आणि दोन्ही मर्यादित. भिंग १०० मिलिमीटर व्यासाचे घेतले तर प्रकाश जवळपास चौपट होतो, पण साध्या मोठ्या भिंगात कडांचे दोष वाढतात. प्रतिमा ५५ ऐवजी २० इंची केली तर प्रकाशमानता साडेपाचपट होते. दोन्ही मिळून चार-साडेचार लक्सपर्यंत मजल जाते. खोली पूर्ण अंधारी असेल आणि डोळे अंधाराला सरावले असतील तर लहान मुलांना व्यंगपट दाखवायला एवढे पुरते. भिंगाचे नियम शिकवणाऱ्या शिक्षकासाठी हे खोके अमोल आहे. सिनेमा पाहण्याचे साधन म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

फोनचा दोष त्याच्या रचनेत आहे. त्याचा पडदा सर्व बाजूंनी दिसावा म्हणून प्रकाश मुद्दाम पसरवतो, आणि प्रोजेक्टरला नेमके उलटे हवे असते. म्हणून पुढच्या साऱ्या पद्धतींत पडद्यामागचा पसरट उजेड काढून टाकतात आणि भिंगाकडे रोखलेला प्रखर दिवा त्याच्या जागी बसवतात.

एलसीडी पटल प्रकाश कुठे घालवते

एलसीडी पटल स्वतः उजेड देत नाही. मागून आलेला उजेड ते ठिपक्या-ठिपक्याला कमी-जास्त अडवते. या अडवण्यात मोठी गळती होते. पहिला पोलरायझर, म्हणजे प्रकाशाचे ध्रुवीकरण करणारी गाळणी, निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी आणि निळी गाळणी असते; प्रत्येक गाळणी आपल्या रंगाचा प्रकाश, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, पार जाऊ देते आणि बाकी अडवते. ठिपक्यांमधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर आणखी जागा अडवतात. शेवटी रंगीत पटलातून पार होतो साधारण पाच टक्के प्रकाश. उरलेल्या ९५ टक्क्यांची पटलातच उष्णता होते. मंद प्रतिमा आणि तापणारे पटल या घरगुती प्रोजेक्टरच्या दोन मोठ्या दुखण्यांचे मूळ या एकाच आकड्यात आहे.

यावरून पटल निवडायचे नियम निघतात. ओएलईडी किंवा ॲमोलेड पडदा या कामी निरुपयोगी, कारण त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो आणि मागचा दिवा असा काही नसतोच. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारी एकरंगी पटले जास्त प्रकाश सोडतात, पण त्यांत रंगांच्या गाळण्या नसल्याने चित्र कृष्णधवल येते. रंगीत साडेपाच इंची, १४४० बाय २५६० ठिपक्यांची पटले एचडीएमआय बोर्डासह मिळतात आणि सध्या हौशी लोकांची पसंती त्यांनाच आहे. ही मुळात फोनसाठी बनवलेली असल्याने उभ्या मांडणीची असतात; चित्र ९० अंशांत फिरवून पाठवण्याची सोय स्रोतात असावी लागते. ८०० बाय ४८० ठिपक्यांचे पटल स्वस्त पडते, पण त्यात चार लाखांहूनही कमी ठिपके असतात आणि मोठ्या प्रतिमेत ते सुटे सुटे दिसतात.

ओएचपीचा मार्ग

शाळा, महाविद्यालये आणि प्रशिक्षण केंद्रांच्या अडगळीत पडलेला ओएचपी मिळाला तर निम्मे काम झालेले असते. दिवा, पंखा, फ्रेनेल भिंग, प्रक्षेपण भिंग आणि आरसा एकमेकांशी जुळवलेले तयार मिळतात. मागचा उजेड काढलेले एलसीडी पटल त्याच्या काचेवर चित्राची बाजू वर करून ठेवायचे, एवढेच उरते.

चांगल्या ओएचपीचा पडद्यावर पडणारा प्रकाश दोन-तीन हजार ल्युमेन असतो. पटलातून पाच टक्के पार होतो हे धरले तर हाती शंभर-दीडशे ल्युमेन येतात, आणि घरगुती मापाने हे चांगले झाले. ओएचपीची काच साधारण २८५ मिलिमीटर चौरस असते. दहा-बारा इंची पटल तिच्यावर पूर्ण मावते. १५ इंची जुन्या मॉनिटरचे चित्र ३०५ मिलिमीटर रुंद असल्याने दोन्ही कडांना थोडे कापले जाते.

उणीव उष्णतेची. ओएचपीतला हॅलोजन दिवा, उदाहरणार्थ २४ व्होल्ट २५० वॉटचा, उजेडापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त किरण सोडतो. पारदर्शक फिल्मला ते चालते, एलसीडीला नाही. म्हणून काच आणि पटल यांच्यात दीड-दोन सेंटिमीटरची फट ठेवून तिच्यातून पंख्याने हवा खेळवावी लागते. यंत्र आकाराने मोठे, आवाज करणारे आणि वीज खाणारे राहते. तरी पहिल्या प्रयोगासाठी याच्याइतका सोपा मार्ग नाही.

एलईडीवर चालणारा प्रोजेक्टर

साधारण २००३ ते २००८ या काळात हौशी लोक २५० ते ४०० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे आणि १५ इंची पटले वापरून कपाटाएवढे प्रोजेक्टर बांधत. ते दिवे पेटायला काही हजार व्होल्टचा झटका लागतो, ते अतिनील किरण सोडतात, त्यांत पारा असतो आणि फुटले तर तापलेली काच उडते. प्रखर एलईडी स्वस्त झाल्यावर घरगुती कामात त्यांची गरज उरली नाही.

आजची रूढ रचना पेटीच्या मागच्या बाजूकडून अशी: उष्णताशोषक ॲल्युमिनियमवर बसवलेला १०० वॉटचा सीओबी (एकाच तळावर अनेक चिप बसवलेला) एलईडी, त्याच्यापुढे पहिले फ्रेनेल भिंग, उष्णतारोधी काच, एलसीडी पटल, दुसरे फ्रेनेल भिंग आणि शेवटी प्रक्षेपण भिंग. बाजारात मिळणारे स्वस्त एकपटली प्रोजेक्टर उघडले तर आत हेच सापडते.

फ्रेनेल भिंग हे जाड भिंगाचे कंकणाकृती खाचांत उतरवलेले सपाट रूप. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी ते दीपस्तंभांसाठी घडवले. फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपस्तंभावर ते १८२३ मध्ये बसले. प्रोजेक्टरमधले पहिले फ्रेनेल भिंग एलईडीपासून आपल्या नाभीय अंतरावर असते आणि पसरणारे किरण समांतर करते. ते समांतर किरण पटलातून काटकोनात पार होतात. दुसरे त्यांना एकत्र आणून प्रक्षेपण भिंगाच्या तोंडात सोडते, म्हणून त्याचे नाभीय अंतर पटल ते प्रक्षेपण भिंग या अंतराइतके हवे. दोन्ही भिंगांच्या खाचा पटलाकडे, गुळगुळीत बाजू पटलापासून दूर. पटल आणि खाचा यांत दहा-पंधरा मिलिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर खाचांची वर्तुळे पडद्यावर उमटतात.

रचना जुळली की नाही ते पडदा न लावताच कळते. प्रक्षेपण भिंग काढून त्याच्या जागी पांढरा कागद धरावा आणि एलईडी अगदी कमी प्रवाहावर लावावा. कागदावर एलईडीचा चौकोनी, पिवळसर ठिपका रेखीव दिसला पाहिजे. तो भिंगाच्या व्यासात पूर्ण मावत असेल आणि मधोमध असेल तर जुळणी बरोबर. ठिपका एका बाजूला गेला तर पडद्याचा एक कोपरा काळवंडतो. ठिपका भिंगाबाहेर सांडला तर सांडलेला प्रकाश वाया जातो. एलईडीचा प्रकाशणारा भाग २० मिलिमीटर चौरस, पहिल्या फ्रेनेलचे नाभीय अंतर १२० आणि दुसऱ्याचे २२० मिलिमीटर असेल तर ठिपका ३७ मिलिमीटर चौरस होतो आणि त्याचा कर्ण ५२ मिलिमीटर. प्रक्षेपण भिंग ५० मिलिमीटरहून लहान घेऊ नये, हे या साध्या गुणाकारातून कळते.

आता प्रकाशाचा जमाखर्च. १०० वॉटचा एलईडी साधारण १०,००० ल्युमेन देतो. वरील मापांत त्याचा सातवा हिस्सा, सुमारे १,४०० ल्युमेन, पटलावर पडतो. पटलातून पाच टक्के, म्हणजे ७० ल्युमेन पार होतात. भिंगांत आणखी थोडे जाऊन पडद्यावर ५५ ल्युमेन पोहोचतात आणि ५५ इंची प्रतिमेवर सुमारे ६५ लक्स मिळतात. सिनेमागृहाच्या दंडकाच्या निम्म्याला थोडे कमी, पण फोनच्या खोक्याच्या तीनशेपट. अंधाऱ्या खोलीत एवढ्यावर सिनेमा समाधानाने पाहता येतो.

हा आकडा वाढवण्यासाठी एलईडीसमोर जाड काचेचे कंडेन्सर भिंग लावतात. त्याने जास्त रुंद कोनातला प्रकाश गोळा होतो, पण कागदावरचा तो ठिपकाही मोठा होतो आणि प्रक्षेपण भिंग त्या प्रमाणात मोठे लागते. २०० वॉटचा एलईडी लावल्याने प्रकाश दुप्पट होईल ही समजूतही इथेच फसते, कारण त्याचा प्रकाशणारा भाग आकाराने मोठा असतो आणि वाढलेला प्रकाश भिंगाबाहेर सांडतो. स्रोताचे क्षेत्रफळ आणि प्रकाशाच्या पसरण्याचा कोन यांचा गुणाकार कोणत्याही भिंगाने कमी करता येत नाही, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. म्हणून लहान जागेतून जास्त प्रकाश देणारा एलईडी हा नुसत्या जास्त वॉटच्या एलईडीपेक्षा नेहमी बरा.

पटल, उष्णता आणि वीज

पटलामागचा उजेड काढणे हे सर्वांत नाजूक काम. काच मागच्या चौकटीला काळ्या दुहेरी चिकटपट्टीने धरलेली असते. ड्रायरने पट्टी किंचित गरम करून पातळ प्लास्टिकच्या कार्डाने एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवावी. काचेच्या कडेला चिकटवलेली पट्टीसारखी लवचीक केबल हे पटलाचे मर्मस्थान: ती एकदा उखडली तर घरी पुन्हा जोडता येत नाही. चिमट्याने किंवा धातूच्या पात्याने काम करू नये, आणि काच सुटल्यावर केबलवर तिचा भार येऊ देऊ नये.

१०० वॉटच्या एलईडीत साठ-सत्तर वॉटची उष्णता होते. संगणकाच्या प्रोसेसरसाठी असलेला उष्णताशोषक आणि पंखा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर, हा तोडगा स्वस्त आणि पुरेसा आहे. पटलासाठी हवेचा स्वतंत्र झोत हवा, आणि बाहेरची थंड हवा आधी पटलावरून जावी, मग एलईडीकडे. पटल फार तापले तर त्यातले द्रवस्फटिक साध्या द्रवासारखे वागू लागते आणि प्रतिमेच्या मध्यभागी डाग दिसतो. लगेच बंद केले तर थंड झाल्यावर डाग जातो. दुर्लक्ष केले तर पोलरायझर पिवळा पडून पटल कायमचे बाद होते. पटल हाताला सहज सोसेल इतकेच गरम राहिले पाहिजे, म्हणजे ५० अंशांच्या आत. हवेच्या वाटांना वळण द्यावे, म्हणजे त्यातून उजेड बाहेर येत नाही, आणि आत जाणाऱ्या हवेला स्पंजची जाळी लावावी. पटलावरची धूळ पडद्यावर स्पष्ट दिसते, कारण पटल नेमके नाभीय जुळणीत असते; फ्रेनेलवरची धूळ बरीचशी विरून जाते.

या एलईडीला ३० ते ३६ व्होल्ट आणि सुमारे तीन अँपिअर लागतात, आणि ते स्थिर प्रवाह देणाऱ्या ड्रायव्हरकडूनच मिळाले पाहिजेत. स्थिर व्होल्टच्या साध्या पुरवठ्यावर एलईडी तापला की त्याची व्होल्टची गरज घटते, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो आणि जळतो. ड्रायव्हरच्या मागे २३० व्होल्टची घरची वीज असते. त्या बाजूच्या सर्व जोडण्या झाकलेल्या, फ्यूज लावलेला, धातूचे भाग अर्थिंगला जोडलेले आणि पेटी उघडण्याआधी प्लग काढलेला, हे चार नियम मोडू नयेत. पंखा बंद पडल्यास एलईडी बंद करणारा थर्मल स्विच काही रुपयांत मिळतो. तो लावलाच पाहिजे. पेटलेल्या सीओबी एलईडीकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात विजेचे काम जाणकार मोठ्या माणसानेच करावे.

आरशांच्या चिपचा मार्ग

एलसीडीची गळती टाळायची तर डीएलपी चिप आहे. तिच्यातले सूक्ष्म आरसे प्रकाश गिळत नाहीत, नुसता वळवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्रयोगकर्त्यांसाठी काढलेला डीएलपी २००० हा छोटा संच त्यासाठी वापरता येतो. दिवा, चिप आणि भिंग असे तयार प्रकाशयंत्र त्यात असते आणि तो बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणकाला जोडता येतो. चित्र मात्र ६४० बाय ३६० ठिपक्यांचेच आणि प्रकाश मोजक्याच ल्युमेनचा. संगणकाकडून चित्र घेणे, ते चिपला पाठवणे, यंत्रमानवाला किंवा मोजमापाच्या उपकरणाला आकृत्या पाडून देणे, असल्या कामांसाठी तो उत्तम. सिनेमासाठी त्याचे मोल कमी.

याच्या जवळचा, पण अधिक फलदायी मार्ग म्हणजे बंद पडलेल्या प्रोजेक्टरची दुरुस्ती. कार्यालयांतून निकाली निघालेल्या प्रोजेक्टरमध्ये बहुधा दिव्याचे आयुष्य संपलेले असते, पोलरायझर जळलेला असतो किंवा वाटा धुळीने बुजलेल्या असतात. चिप, भिंग आणि जुळणी शाबूत असते. नवा दिवा टाकून किंवा साफसफाई करून मिळणारी प्रतिमा शून्यापासून बांधलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षा उजळ आणि रेखीव असते.

पडदा आणि खोली

पन्नास-साठ ल्युमेनच्या यंत्राला खोलीतला प्रत्येक उजेड शत्रू असतो. रात्री घरात लावलेला साधा दिवा भिंतीवर पन्नासेक लक्स पाडतो, म्हणजे प्रतिमेइतकाच उजेड काळ्या भागावरही पडतो आणि चित्र धुऊन निघते. म्हणून जाड पडदे आणि बंद दिवे ही यंत्राच्या रचनेचीच बाजू समजावी.

पडदा म्हणून मॅट पांढरा रंग दिलेली सपाट भिंत पुरते. फलकांसाठी वापरतात ते मागून अपारदर्शक असलेले पांढरे फ्लेक्स ताणून लावले तर सुरकुत्या पडत नाहीत. पातळ चादरीतून बराच उजेड मागे निघून जातो. चकचकीत व्हाइटबोर्डवर मधोमध झगमगता डाग पडतो. प्रतिमेभोवती काळ्या कापडाची चौकट लावली तर तीच प्रतिमा अधिक गडद आणि नेटकी वाटते. यंत्र पडद्याच्या मध्यरेषेच्या वर किंवा खाली असेल तर ते वाकडे करू नये, प्रतिमा समलंब चौकोनी होते. त्याऐवजी प्रक्षेपण भिंग आणि दुसरे फ्रेनेल एकत्र थोडे वर किंवा खाली सरकवावे. आवाजाची सोय प्रोजेक्टरमध्ये न करता स्रोताला वेगळा स्पीकर जोडणे सोयीचे.

तयार झालेल्या यंत्राचा उजेड मोजण्याची पद्धत प्रमाणित आहे. एएनएसआय ल्युमेन मोजताना पूर्ण पांढऱ्या प्रतिमेचे नऊ समान भाग करतात, प्रत्येकाच्या मध्यावर लक्समीटर धरतात आणि नऊ आकड्यांच्या सरासरीला क्षेत्रफळाने गुणतात. घरीही हे करता येते. बाजारातल्या स्वस्त प्रोजेक्टरवर छापलेले हजारो ‘ल्युमेन’ अनेकदा आतल्या एलईडीचे असतात, पडद्यावरचे नसतात. एएनएसआय हा शब्द नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

खर्च आणि निवाडा

सर्वांत महाग भाग पटल आणि त्याचा बोर्ड. त्याखालोखाल चांगले प्रक्षेपण भिंग. एलईडी, ड्रायव्हर, फ्रेनेलची जोडी, पंखे आणि प्लायवूड त्या मानाने स्वस्त. वीज नगण्य लागते: १०० वॉटच्या दिव्यावर दोन तासांच्या सिनेमाला पाव युनिटही जात नाही. पण सारे भाग नवे घेतले तर एकूण बेरीज दहा हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या तयार एकपटली प्रोजेक्टरच्या जवळ जाते. त्या तयार यंत्रात रचना हीच, जुळणी कारखान्यात केलेली आणि हमीही असते. त्यामुळे निव्वळ सिनेमा पाहण्यासाठी आणि पैसे वाचवण्यासाठी घरी प्रोजेक्टर बांधू नये. तयार घ्यावा किंवा जुना दुरुस्त करावा.

शिकण्यासाठी मात्र तो जरूर बांधावा. भिंगाचे सूत्र, ध्रुवीकरण, उष्णतेचे वहन, विजेचा प्रवाह आणि प्रकाशाचे मापन हे सारे एका पेटीत आणणारा दुसरा प्रकल्प शाळा-महाविद्यालयांना सहज मिळणार नाही. क्रमही ठरलेला ठेवावा: आधी फोन आणि हातभिंग घेऊन अंतरे मोजावीत, मग अडगळीतल्या ओएचपीवर पटल ठेवून पाहावे, आणि कागदावर प्रकाशाचा जमाखर्च मांडता आला की मगच एलईडीचे यंत्र हाती घ्यावे. हॅलोजनवर चालणारा, धूळ खात पडलेला ओएचपी आपल्या संस्थेत असेल तर तो भंगारात देण्याआधी एकदा विद्यार्थ्यांच्या हवाली करावा.